गोदामातील शेजार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा घाऊक व्यापार करणाऱ्या कोणत्याही पेढीची एका दिवसाची ऑर्डरची वही उघडून पाहावी. प्लेटिंगवाल्याला कॉस्टिक सोड्याच्या दहा बॅगा, बॉयलर असलेल्या कारखान्याला सॉफ्टनरसाठी मिठाची वीस पोती, सांडपाणी प्रक्रियेसाठी चुन्याची भुकटी, हीट ट्रीटमेंटच्या युनिटला सोडियम नायट्रेट आणि चाकण रस्त्यावरील एका फॅब्रिकेशन शेडला कार्बाइडचा डबा. वहीत या पाच वेगवेगळ्या ओळी आहेत, त्यांचे दर वेगळे आहेत आणि गिऱ्हाइकेही वेगळी आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे सारे दोनच कुटुंबांतील नातेवाईक होत. पहिले कुटुंब अल्कली धातूंचे: लिथियम, सोडियम, पोटॅशियम आणि त्यांची भावंडे. दुसरे अल्कधर्मी मृदा धातूंचे: मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम इत्यादी.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सारा पट्टा या दोन कुटुंबांच्या बळावर चालतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तरीही जो माल पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो, त्याचा भाव ठाऊक असतो. स्वभाव ठाऊक असतोच असे नाही. भाव चुकला तर नफा बुडतो. स्वभाव ओळखण्यात चूक झाली तर काय बुडते, हे या पट्ट्याने अलीकडेच पाहिले आहे. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस करू.

देणारे आणि घेणारे

शास्त्राचा गाभा व्यापाऱ्याला समजण्यास मुळीच अवघड नाही. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत काही इलेक्ट्रॉन असतात. अल्कली धातूंच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकण्याची त्यांना विलक्षण घाई असते. मृदा धातूंजवळ असे दोन इलेक्ट्रॉन असतात. तेही देतात, परंतु थोड्या सबुरीने. क्लोरीनसारखी मूलद्रव्ये याच्या उलट, घेण्यास उतावीळ. देणारा आणि घेणारा भेटले, जमा आणि नावे जुळली की खाते शांत होते. सोडियम धातू पाण्यात पडताच पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. पण या दोघांचा हिशेब पुरा झाला की जे उरते ते आपल्या ताटातील मीठ.

म्हणूनच हे धातू निसर्गात कधीच सुटे सापडत नाहीत. ते नेहमी कोणाशी तरी जोडलेले असतात. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या क्षारांतून विजेचा प्रवाह सोडून प्रथम पोटॅशियम आणि त्यानंतर काही दिवसांतच सोडियम वेगळे केले. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम व मॅग्नेशियमही विजेच्याच साहाय्याने सुटे केले. लिथियमचा शोध १८१७ साली स्वीडनमध्ये लागला. सोडियम चाकूने कापता येईल इतका मऊ, पाण्यापेक्षा हलका आणि ९८ अंशांनाच वितळणारा. त्याला हवा आणि ओलावा दोन्ही वर्ज्य. म्हणून प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. कुटुंबात जसजसे खाली जावे तसतशी ही देण्याची घाई वाढत जाते. लिथियम पाण्यावर फसफसतो, सोडियम भडकतो, पोटॅशियम तर पाण्याला स्पर्श होताच जांभळट ज्योतीने पेटतो. या प्रत्येक वेळी पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे दाहक क्षार उरतो. हायड्रोजन, उष्णता आणि दाहक क्षार ही तीन नावे लक्षात ठेवावीत. पुढील बहुतेक प्रकरणांत यांपैकी कोणीतरी भेटतेच.

राख, पापडखार आणि तीन सोडे

‘अल्कली’ हा शब्द अरबी भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ वनस्पतींची राख असा आहे. इंग्रजीतील पोटॅश हे नावही मडक्यात आटवलेल्या राखेच्या पाण्यावरूनच पडले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात उतरते आणि तेलकटपणा कापून काढते. आजीच्या काळी पितळी भांडी राखेने घासत, त्यामागे हेच शास्त्र होते. काही घरांत राखेचे धोवण पाणी आजही करतात. त्या पाण्याला जी किंचित तुरट चव आणि बोटांना जो बुळबुळीत स्पर्श जाणवतो, तो या क्षाराचाच.

राखेनंतर सोड्याचे युग आले. पोत्यावर ‘सोडा’ एवढेच लिहिलेले असले तरी सोडे तीन आहेत आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे आहेत. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य असतो आणि तापवला की कार्बन डाय ऑक्साइड सोडतो. ढोकळा त्यामुळे फुगतो, आणि अग्निशामक नळकांड्यांच्या एका प्रकारातही हीच भुकटी असते. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो अधिक तीव्र असतो. काच, साबण आणि कापड हे उद्योग त्याच्यावर उभे आहेत. पापडखारात या दोन क्षारांचाच अंश असतो. तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो तेलाचे साबणात रूपांतर करतो, आणि त्वचेच्या बाबतीतही तो नेमके हेच करू पाहतो.

कॉस्टिकविषयी दोन गोष्टी प्रत्येक हमालाला ठाऊक असल्या पाहिजेत. पहिली अशी की कॉस्टिक पाण्यात विरघळताना प्रचंड उष्णता सुटते. म्हणून नेहमी पाण्यात थोडे थोडे कॉस्टिक टाकावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास उकळते दाहक द्रावण अंगावर उडते. दुसरी गोष्ट या पट्ट्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. ओले कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. चाकण आणि भोसरी परिसरात ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांचा भंगार चुरा गोदामागोदामांतून फिरत असतो. कॉस्टिकची फुटकी बॅग, शेजारी ॲल्युमिनियमचा चुरा आणि वर गळके छप्पर, एवढे जुळून आले की बंद खोलीत ज्वालाग्राही वायू साठू लागतो. त्याला वास नाही, रंगही नाही. दिव्याच्या बटणाची एक ठिणगी त्याला पुरते.

पिंपरीचे पेनिसिलिन

पिंपरीचा औद्योगिक इतिहास मोटारींपासून सुरू झाला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या आरंभी एक औषध आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिली औषध कंपनी १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे तिला साहाय्य लाभले होते, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले, म्हणजे त्याच्याही आधीची ही गोष्ट. जुने पिंपरीकर आजही तिला ‘एच. ए.’ म्हणूनच ओळखतात.

या औषधाशी सोडियम-पोटॅशियमचा निकटचा संबंध आहे. बुरशीपासून मिळणारे मूळ पेनिसिलिन हे एक आम्ल असून ते फार नाजूक असते. त्याला सोडियम किंवा पोटॅशियमची जोड दिली की त्याचा स्थिर, कोरडा, पांढरा क्षार बनतो. तो कुपीत टिकतो आणि सुईने देण्यापूर्वी पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून कुपीवर ‘पेनिसिलिन जी सोडियम’ किंवा ‘पेनिसिलिन जी पोटॅशियम’ असे लिहिलेले असते.

सामान्य मात्रेत या दोहोंत फारसा फरक पडत नाही. मोठ्या मात्रेत मात्र पडतो. दहा लाख युनिट पोटॅशियम पेनिसिलिनमध्ये सुमारे ६६ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. गंभीर संसर्गात दिवसाला दोन कोटी युनिट द्यावे लागले, तर सव्वा ग्रॅमहून अधिक पोटॅशियम थेट रक्तात जाते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ती ते बाहेर टाकतात. ती अशक्त असतील तर रक्तातील पोटॅशियम वाढते आणि त्याचा पहिला आघात हृदयाच्या ठोक्यांवर होतो. औषध तेच, रोगही तोच. केवळ जोडीदार धातू बदलला की डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो.

हीच गोष्ट आता घराघरांतील मिठाच्या डब्यात आली आहे. रक्तदाबाच्या भीतीने ‘कमी सोडियमचे मीठ’ घेण्याची प्रथा वाढत आहे. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी सहसा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. अनेकांसाठी ते हितकारक ठरू शकते. परंतु घरात मूत्रपिंडाचा विकार असलेली वडीलधारी व्यक्ती असेल, किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर हेच मीठ घातक ठरते. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने हे मीठ देताना ‘डॉक्टरांना विचारले आहे ना?’ एवढे म्हणावे. त्याने विक्री घटत नाही, विश्वास वाढतो.

चुन्याचे व्यवहार

दुसऱ्या कुटुंबातील थोरले नाव कॅल्शियमचे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातून कार्बन डाय ऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. येथे दोन कुटुंबांतील एक ठळक भेद दिसतो. मृदा धातूंचे कार्बोनेट असे भट्टीत फुटतात आणि पाण्यात विरघळत नाहीत; सोडियम-पोटॅशियमचे कार्बोनेट सहजी फुटत नाहीत, परंतु पाण्यात सुखाने विरघळतात. धुण्याचा सोडा बादलीत दिसेनासा होतो आणि संगमरवर शेकडो पावसाळे अंगावर घेऊन उभा राहतो, त्याचे कारण हेच.

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो. ही उष्णता इतकी असते की ट्रकमधील चुना पावसात भिजून त्यावरील ताडपत्री व पोती पेटल्याचे प्रकार घडतात. त्यामुळे मृग नक्षत्रापूर्वी ज्या गोदामाची कौले किंवा पत्रे तपासायचे राहून गेले असतील, तेथे कळीचा चुना ठेवू नये. सांडपाण्यासाठी विझवलेल्या चुन्याची भुकटी मिळते. ती या बाबतीत पुष्कळ सुरक्षित असते. भोसरीतील प्लेटिंग व पिकलिंगच्या युनिटमधील आम्लयुक्त पाणी या चुन्याने शांत करतात. त्यात गंधकाम्ल असेल तर जिप्समचा गाळ खाली बसतो आणि जड धातूही बरेचसे त्याच्यासोबत गाळात उतरतात. हा गाळ उघड्यावर टाकण्याची वस्तू नव्हे. तो रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे रीतसर पाठवावा लागतो.

विझवलेला चुना सुरक्षित म्हटला तरी डोळ्याला मात्र तो मुळीच सुरक्षित नाही. पानाच्या चुन्याची छोटी पुडी किंवा ट्यूब दाबताना ती फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याच्या घटना नेत्रतज्ज्ञांकडे वारंवार येतात. आम्लापेक्षा क्षार डोळ्याला अधिक घातक असतो. आम्लाने वरचा थर गोठतो आणि त्याची स्वतःचीच वाट काही अंशी अडते. क्षार मात्र पेशींतील स्निग्ध द्रव्य विरघळवीत आत आत जात राहतो. अशा वेळी तूप, दूध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा सतत अर्धा तास धुवावा, पापणीखालील कण निघाले आहेत ना हे पाहावे आणि धुणे चालू ठेवूनच रुग्णालयाची वाट धरावी. पहिल्या मिनिटातील तांब्याभर पाणी तासाभरानंतरच्या कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे असते.

बोअरच्या जड पाण्याचा प्रश्नही कॅल्शियम-मॅग्नेशियमचाच. हे पाणी तापले की गीझरमध्ये आणि बॉयलरच्या नळ्यांत पांढरा कठीण थर बसतो, उष्णता पलीकडे पोहोचत नाही आणि इंधन वाया जाते. सॉफ्टनरमधील रेझिनचे मणी आपल्याजवळील सोडियम पाण्याला देतात आणि पाण्यातील कॅल्शियम स्वतःकडे ठेवून घेतात. कॅल्शियमजवळ दोन विद्युतभार असल्यामुळे एका कॅल्शियमच्या मोबदल्यात दोन सोडियम द्यावे लागतात. हिशेब पैचाही चुकत नाही. मण्यांजवळचे सोडियम संपले की तीव्र मिठाच्या पाण्याने त्यांचे भांडवल पुन्हा भरून द्यावे लागते. बॉयलरवाल्यांना दर महिन्याला मिठाची पोती लागतात ती याचसाठी.

मिठासारखे दिसणारे

या पट्ट्यातील हीट ट्रीटमेंटच्या काही युनिटमध्ये पोलादाचे भाग वितळलेल्या क्षारांत बुडवून कठीण केले जातात. कमी तापमानाच्या कामासाठी सोडियम व पोटॅशियम यांचे नायट्रेट-नायट्राइट, अतिउच्च तापमानासाठी बेरियम क्लोराइड आणि पृष्ठभाग कठीण करण्यासाठी काही ठिकाणी सोडियम सायनाइड वापरतात. कुंडात वितळलेला क्षार पाण्यासारखा शांत दिसतो. परंतु ओला भाग त्यात गेला तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन क्षार बाहेर उसळतो. याहून भयंकर गोष्ट म्हणजे सायनाइड आणि नायट्रेट यांची गाठ पडणे. तापलेल्या अवस्थेत हे दोघे एकत्र आले तर स्फोट होतो. म्हणून त्यांची कुंडे, त्यांची पोती आणि त्यांची फावडीसुद्धा वेगळी असावी लागतात. येथे गोदामाचा शेजार हाच जीवन-मरणाचा प्रश्न होऊन बसतो.

या क्षारांचा आणखी एक दोष असा की ते सारे मिठासारखे पांढरे दिसतात. सोडियम नायट्राइट तर चवीलाही खारट. लोखंडाला गंज लागू नये म्हणून तो कारखान्यांत वापरतात. तो चुकून अन्नात गेला तर रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास निकामी होते, ओठ निळे पडतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. कामगारांच्या डबा खाण्याच्या जागेजवळ या पोत्यातील चिमूटभर क्षारही बिननावाच्या बरणीत असता कामा नये.

बेरियमचा स्वभाव तर एखाद्या कथेत शोभावा असा आहे. बेरियम क्लोराइड पाण्यात विरघळते आणि ते विष आहे. बेरियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, पण जठरातील आम्लात विरघळते, म्हणून तेही विषच. उंदीर मारण्यासाठी ते वापरले जात असे. बेरियम सल्फेट मात्र पाण्यातही विरघळत नाही आणि जठरातही नाही. म्हणून क्ष-किरण तपासणीपूर्वी डॉक्टर तेच रुग्णाला पेलाभर पाजतात आणि ते जसेच्या तसे शरीराबाहेर पडते. तीनही पोत्यांवर पहिला शब्द ‘बेरियम’ असाच असतो. त्यातील जीवदान देणारे कोणते आणि जीव घेणारे कोणते, हे दुसरा शब्द सांगतो.

कार्बाइडचा प्रश्न

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. लोखंड कापण्याची व जोडण्याची ज्योत त्यावर चालते. त्यामुळे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कार्बाइड जाणे स्वाभाविक आहे. पण उन्हाळा लागताच ज्याच्याकडे ना वेल्डिंगचे काम ना लोखंडाचा तुकडा, असा एखादा गिऱ्हाईक दोन-चार किलो सुटे कार्बाइड मागतो. ते कोठे जाणार, हे दुकानदाराला न विचारता कळते. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचा अंश असतो आणि ओलाव्याबरोबर त्यांचेही विषारी वायू बाहेर पडतात. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी कार्बाइडने पिकवलेली फळे विकण्यास मनाई केली आहे. फळे पिकवण्यासाठी नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. कार्बाइड विकणे हा गुन्हा नाही, त्याचे नियम व परवाने आहेत. परंतु ‘मी माल विकला, पुढे त्याने काय केले हे मला काय ठाऊक?’ हे उत्तर ज्याच्या घरात त्याच मोसमात त्याच बाजारातील आंबा येतो, त्याला स्वतःलाही पटणारे नाही.

पाणी कोठे आणि वाळू कोठे

चाकणच्या रस्त्यांवर आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढली आहे. त्यांच्या बॅटरीत पहिल्या कुटुंबातील सर्वांत हलका सदस्य, लिथियम, कामाला लागलेला आहे. त्याचा भाऊ सोडियमही रांगेत उभा आहे. पुण्याच्या आयसर संस्थेच्या सहकार्याने हिंजवडीतील केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम विपुल आणि स्वस्त आहे, समुद्राला जितके मीठ आहे तितके. शिवाय लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा लागतो, तेथे सोडियमच्या बॅटरीत ॲल्युमिनियम चालते. अडचण एवढीच की सोडियमचा अणू अधिक जड व मोठा असल्याने त्याच वजनात साधारणतः कमी वीज साठते.

बॅटरी, मॅग्नेशियमचा भुसा आणि सोडियम धातू यांच्या आगीविषयी लोकांचा मोठा गोंधळ असतो. लिथियम-आयन बॅटरीत सहसा सुटा लिथियम धातू नसतो. तिच्या आगीत आतील उष्णता पुन्हा पुन्हा भडका उडवते, म्हणून अग्निशमन दल भरपूर पाणी मारून ती थंड करते. तिच्या धुरातील वायू विषारी असतात, म्हणून सामान्य माणसाने दूर जाणे हेच शहाणपणाचे. याउलट मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे भाग कातताना पडणारा बारीक भुसा पेटला, तर त्यावर पाणी टाकू नये. त्यातून हायड्रोजन निघून आग उफाळते. कार्बन डाय ऑक्साइडचे नळकांडेही येथे निरुपयोगी ठरते, कारण जळते मॅग्नेशियम त्या वायूतील ऑक्सिजनही ओढून घेते. अशा आगीवर पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास भुकटी टाकावी. आणि त्या भुकटीच्या एका प्रसिद्ध प्रकारात मुख्य घटक असतो सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले साधे मीठच! हिशेब पुरा झालेले शांत खाते अशा वेळी दुसऱ्याची आग विझवण्याच्या कामी येते.

वहीत नसलेला रकाना

आता आरंभी सांगितलेल्या गोष्टीकडे वळावे. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. सहा जीव त्याच दिवशी गेले आणि जखमींपैकी आणखी काही जण पुढे उपचार चालू असताना दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, हातावर पोट असलेल्या. त्या कारखान्याला आवश्यक परवानगी नव्हती, असे त्यानंतर समोर आले.

ठिणग्यांच्या या व्यवसायाचे मूळ आपल्या विषयाशी जोडलेले आहे. फुलबाजा पेटतो तेव्हा धातूची भुकटी जळते आणि तिला लागणारा ऑक्सिजन परंपरेने बेरियम नायट्रेटसारखा क्षार पुरवतो. बेरियमचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लाल आणि सोडियमचा पिवळा हे दारूकामाचे रंग याच दोन कुटुंबांचे. बेरियमच्या विषारीपणामुळे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फटाक्यांतील त्याच्या क्षारांवर बंदी घातली आणि पुढे २०२१ व २०२३ मध्येही ती कायम ठेवली. परंतु न्यायालयाचा आदेश प्रत्येक पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचतोच असे नाही. शेडपर्यंत हमखास पोहोचतो तो टेम्पो, आणि टेम्पोत माल भरणारा व्यापारी.

बँकेचा अधिकारी गोदाम तपासायला येतो तेव्हा पोती मोजतो, स्टॉक स्टेटमेंटशी ताळा पाहतो, विम्याची मुदत पाहतो आणि सही करतो. कोणते पोते कोणाच्या शेजारी आहे, असा रकाना त्याच्या नमुन्यात बहुधा नसतो. विमा कंपनीचा माणूस हा प्रश्न विचारतो, पण पुष्कळदा आग लागून गेल्यावर. म्हणून तो रकाना व्यापाऱ्याने स्वतःच आपल्या वहीत आखावा.

त्यात फार काही लिहावयाचे नाही. नायट्रेट कोणत्याही जळाऊ वस्तूपासून, धातूच्या भुकटीपासून आणि सायनाइडपासून दूर आहे ना? सायनाइड आणि आम्ल एका छपराखाली तर नाहीत? कारण त्यांच्या भेटीतून जीवघेणा वायू निघतो. कॉस्टिकच्या शेजारी ॲल्युमिनियम व आम्ल नाही ना? कार्बाइड आणि कळीचा चुना जमिनीपासून उंच, कोरड्या जागी आहेत ना? प्रत्येक डब्यावर पूर्ण नाव मराठीत, हमालाला वाचता येईल अशा अक्षरांत आहे ना? घातक रसायनांसंबंधी १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मालासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक कपाटात कुलूपबंद आहे, की गोदामाच्या दारावर लावलेले आहे? गोदामात धोकादायक माल ठराविक प्रमाणाहून अधिक असेल, तर १९९१ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक दायित्व विमा उतरवला आहे ना? आणि शेवटचा प्रश्न गिऱ्हाइकाविषयी: हा माल कोठे जाणार, तेथे परवाना आहे का, तेथे काम कोण करते?

दिवाळीला नवी वही घालताना पहिल्या पानावर केशराने शुभ-लाभ लिहिण्याची आपली रीत आहे. त्यात ‘शुभ’ आधी येते, ‘लाभ’ नंतर. वर्षाचा ताळेबंद मांडताना लाभाचा आकडा मुनीम काढून देतोच. शुभाचा हिशेब मात्र मालकालाच करावा लागतो, आणि त्यासाठी वर्षातून एकदा तरी गादीवरून उठून, दिवा हातात न घेता बॅटरी घेऊन, गोदामाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत स्वतः चालत जावे लागते.